सरासरीतील घट आणि कारणाचे ज्ञान

न्यायशास्त्राच्या ग्रंथांत पावलोपावली भेटणारा 'घट' म्हणजे मातीचे मडके, आणि मराठीत हाच शब्द स्त्रीलिंगी झाला की त्याचा अर्थ होतो कमी होणे, उणे पडणे. हे साम्य केवळ उच्चारापुरते असले तरी त्यातून एक तात्त्विक अडचण चांगली उघड होते. मडके डोळ्यांना दिसते, ते फुटले तर खापऱ्या दिसतात आणि जागेवर नसले तर मोकळी जमीन दिसते. 'गाडीचे ॲव्हरेज घटले' असे मात्र जेव्हा म्हटले जाते, तेव्हा जे घटले ते कोणाच्याही इंद्रियांना गोचर होत नाही. ॲव्हरेज, म्हणजे एका लिटर इंधनात गाडीने कापलेले अंतर, हा गाडीच्या रंगासारखा किंवा वजनासारखा तिच्या ठायी राहणारा गुण नव्हे. तो एका आकड्याला दुसऱ्याने भागून मिळालेला तिसरा आकडा आहे, आणि त्यातली घट म्हणजे आजच्या भागाकाराची आठवणीतल्या भागाकाराशी घातलेली सांगड. ज्या कार्याचे ज्ञानच असे हातचे धरत आलेले असते, त्याच्यावरून त्याचे कारण निश्चितपणे जाणता येते काय, आणि येत असेल तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न गॅरेजच्या दारात रोज उभा राहतो. पण तो मुळात प्रमाणशास्त्राचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने तपासणाऱ्या शास्त्राचा प्रश्न आहे, आणि भारतीय दार्शनिकांनी त्याची जी उत्तरे दिली ती इंजिनाच्या बाबतीत आजही तपासून पाहता येतात.

पहिली शंका कारणाविषयी नसून कार्याविषयीच घ्यावी लागते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हेत्वाभासांचे, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या पण हेतू नसलेल्या गोष्टींचे, जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत 'असिद्ध' हा एक आहे. ज्याच्या आधाराने अनुमान करायचे तीच गोष्ट पक्षाच्या ठिकाणी, म्हणजे ज्याविषयी अनुमान चालले आहे त्याच्या ठिकाणी, नसेल तर हेतू स्वरूपानेच असिद्ध ठरतो, जसे 'शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांनी दिसतो' असे कोणी म्हणावे. ॲव्हरेजच्या तक्रारींपैकी बऱ्याच या वर्गात मोडतात. उदाहरणादाखल अशी मोटारसायकल घ्यावी जी एरवी लिटरला ५० किलोमीटर देते. टाकी फुल करायची, आकडा लिहून ठेवायचा, २५० किलोमीटर चालवायची आणि पुन्हा फुल करून मध्ये गेलेल्या पेट्रोलने भागायचे ही रूढ पद्धत. पण पहिल्या वेळी गाडी साइड स्टँडवर कललेली होती आणि दुसऱ्या वेळी मधल्या स्टँडवर सरळ उभी होती, किंवा पंपावरच्या नोझलने एकदा लवकर तोंड मिटले आणि एकदा उशिरा, एवढ्याने ५ लिटरांच्या जागी ५.३ लिटर मावले तर भागाकार सुमारे ४७ येतो, आणि इंजिनाने काहीही केलेले नसताना मालकाच्या मनात तीन किलोमीटरांची घट जन्माला येते. तोच हिशेब सलग तीन टाक्यांवर, ७५० किलोमीटरांवर केला तर तीनशे मिलीलिटरांची तीच चूक ॲव्हरेजला केवळ एका किलोमीटरने खाली ओढते.

याहून चमत्कारिक प्रकार टायरचा आहे. अंतर मोजणारा ओडोमीटर रस्ता मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो, आणि चाकाचा परीघ ठरलेला आहे असे गृहीत धरून त्या फेऱ्यांचे किलोमीटर करतो. मोटारीच्या टायरची त्रिज्या सुमारे ३० सेंटिमीटर असेल आणि टायर झिजताना त्यातले ६ मिलिमीटर गेले असतील, तर झिजलेले चाक तेवढ्याच रस्त्यात दोन टक्के अधिक फेरे घेते आणि मीटर दोन टक्के अधिक अंतर दाखवतो. म्हणून टायर गुळगुळीत होत जातात तसतसे ॲव्हरेज कागदावर सुधारत जाते, आणि मालक नवे टायर टाकतो त्याच आठवड्यात १५ चे १४.७ होते. येथे घट खरी नाही, आधीची वाढ खोटी होती. नवे टायर हेच कारण असे मालक म्हणतो ते एका अर्थी बरोबर आहे; पण ज्या कार्याचे ते कारण आहे ते इंधनाचा खप हे नसून इंधनाच्या खपाविषयीची समजूत हे आहे, आणि हा भेद न केल्यामुळे चांगले टायर दुकानात परत नेण्याची हुज्जत घडते.

घट खरीच आहे असे ठरल्यावर अनुमानाचा आरंभ होतो. न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले असून, त्यांपैकी शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान असा एक अर्थ भाष्यकार वात्स्यायनाने दिला आहे. त्याचे उदाहरण म्हणजे फुगलेली नदी पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे जाणणे. निदान, मग ते वैद्याचे असो वा फिटरचे, सर्वस्वी या प्रकारात येते. याच उदाहरणावर सूत्रकाराने दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष मांडला आहे, तो असा की नदी पावसाने फुगते तशीच ती खाली कोणी बांध घातल्यानेही फुगते, मोराचा आवाज माणूसही काढू शकतो, आणि म्हणून कार्यावरून कारण सांगणारे अनुमान प्रमाण मानता येत नाही. आक्षेप साधा नाही. ॲव्हरेजची घट एअर फिल्टर तुंबल्याने होते, टायरमध्ये हवा कमी असल्याने होते, ब्रेक धरून राहिल्याने होते, क्लच सटकल्याने होते, पेट्रोल गळल्याने होते, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगण्यानेही होते, आणि यादी येथे संपत नाही. या आक्षेपाला सिद्धांती जे उत्तर देतो ते भारतीय तर्कशास्त्रातले अत्यंत व्यवहारी उत्तर म्हणावे लागेल. तो म्हणतो की बांधामुळे फुगलेली नदी आणि पावसामुळे फुगलेली नदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाच्या पुराला वेग असतो, त्याच्यावर फेस असतो, त्यातून फळे, पाने, लाकडे वाहत येतात, आणि जो केवळ पाण्याची वाढलेली पातळी पाहून अनुमान करतो त्याची चूक अनुमान या प्रमाणाच्या माथी मारता येत नाही, ती त्या पाहणाऱ्याची आहे.

'ॲव्हरेज ५० वरून ४२ वर आले' हे वाक्य म्हणजे केवळ पाण्याची वाढलेली पातळी आहे. फेस, पाने आणि लाकडे पाहायची तर गाडीपाशी जावे लागते. प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी टाकणारा भाग, काढून उजेडात धरला की त्याच्या टोकाचा रंग बोलू लागतो: टोक भाजलेल्या विटेसारखे किंवा फिकट तपकिरी असेल तर हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठीक जळते आहे, कोरडी मऊ काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, काळपट पण ओशट थर असेल तर पिस्टनच्या रिंगांतून ऑइल वर येऊन जळते आहे, आणि टोक पांढरे पडलेले असेल तर उलट पेट्रोल कमी पडते आहे. काजळीचा प्लग दिसला की फिल्टर, चोक, कार्बोरेटरची झिजलेली सुई किंवा इंजेक्टर यांच्याकडे पाहायचे. पण प्लग स्वच्छ विटकरी निघाला तर ते सगळे कुळ एका क्षणात निर्दोष ठरते, आणि इंजिन आपले काम चोख करीत असून त्याने निर्माण केलेली शक्ती पुढे कुठेतरी वाया जात आहे असे निष्पन्न होते. येथे एक नकार एका होकाराइतकाच फलदायी ठरतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच ठिकाणी उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीतील 'तृण-अरणी-मणी' या उदाहरणाचा विचार अप्रस्तुत होणार नाही. अग्नी गवताला फुंकर घातल्याने होतो, अरणी नावाच्या काष्ठांच्या घुसळण्याने होतो, आणि सूर्यकिरण सूर्यकांत मण्यातून गेल्यानेही होतो. तेव्हा एकाच कार्याला तीन निरनिराळी कारणे कशी, आणि मग कारण असल्याशिवाय कार्य नाही हा नियम कसा टिकतो, असा तो प्रश्न. मीमांसकांनी उत्तर दिले की तिघांच्या ठायी अग्नी उत्पन्न करणारी एकच अदृश्य शक्ती आहे आणि तीच खरे कारण. नैयायिकांना ही न दिसणारी शक्ती मान्य नाही. त्यांच्या मते गवताचा अग्नी, अरणीचा अग्नी आणि मण्याचा अग्नी यांच्यातच जातिभेद आहे, याला त्यांनी 'वैजात्य' म्हटले, आणि प्रत्येक जातीच्या अग्नीला त्याचे त्याचे एकच कारण आहे. आधुनिक वाचकाला हे उत्तर अडचणीतून सुटण्यासाठी काढलेली पळवाट वाटते, कारण तिन्ही अग्नी सारखेच भाजतात. अग्नीच्या बाबतीत ही शंका राहो. ॲव्हरेजच्या बाबतीत मात्र नैयायिकांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते, आणि ते कसे हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

ॲव्हरेज हा आकडा अंतराने मोजला जातो, पण घट प्रत्येक वेळी अंतराच्याच मागे चालत असते असे नाही. ब्रेक ड्रमला घासत असेल तर घट किलोमीटरमागे होते. जितके चालवावे तितके वाया जाते. टाकीच्या नळीतून किंवा झाकणाच्या रबरातून पेट्रोल झिरपत असेल तर घट दिवसामागे होते. गाडी पंधरा दिवस उभी ठेवली तरी टाकीतला आकडा खाली येतो, सकाळी पार्किंगमध्ये वास दरवळतो, आणि जो मालक रोज शंभर किलोमीटर फिरतो त्याला ती जाणवतही नाही. इंजिन थंड असताना सुरू करण्यात जे जास्तीचे पेट्रोल जाते त्याची घट सुरू करण्याच्या खेपांमागे होते. घरापासून दोन किलोमीटरांवरच्या शाळेत दिवसातून चार वेळा जाणारी स्कूटर तापायच्या आत बंद होते, आणि तिचे ॲव्हरेज तिच्यासारख्याच पण एकदाच लांब जाणाऱ्या स्कूटरपेक्षा कमी पडते. सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभे राहण्याने होणारी घट तासामागे होते, तिचा किलोमीटरशी काही संबंध नसतो. चारही घटींनी ५० चे ४२ होऊ शकतात आणि कागदावर त्या एकरूप दिसतात. पण भाजक बदलून पाहिला, म्हणजे लिटराला किलोमीटरने, दिवसाने, खेपेने आणि तासाने भागून पाहिले, की त्यांची जात उघडी पडते. त्या सर्वांच्या मागे एखादी समान शक्ती शोधत बसण्याची गरज उरत नाही. गरज असते ती कार्याला त्याच्या जातीने ओळखण्याची. गाडी जुनी झाली, तिचा 'दम' गेला, असे जे लोक सर्रास म्हणतात ते, विनोद सोडला तर, मीमांसकांच्या शक्तिवादाचेच बोलीतले रूप आहे.

सांख्यांची वाट याहून वेगळी, आणि शोध घेण्याच्या कामी अधिक सोयीची आहे. सत्कार्यवाद, म्हणजे कार्य हे उत्पत्तीपूर्वीही कारणात असतेच आणि नव्याने काही उपजत नाही वा समूळ नाहीसे होत नाही हे सांख्यांचे मत, घट या शब्दालाच आव्हान देते; जे घटले असे वाटते ते केवळ रूप पालटून दुसरीकडे गेलेले असते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, आणि चांगल्या इंजिनातही तिच्यातला चौथ्या भागाच्या आसपासचा अंशच चाकापर्यंत पोहोचतो, बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून उष्णता होऊन निघून जाते. तेव्हा 'का कमी झाले' असे विचारण्याऐवजी 'कुठे गेले' असे विचारले तर शोधाला हाताने स्पर्श करता येईल अशी जागा मिळते. ब्रेक धरून राहिलेली गाडी मोकळ्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न लावता, चालवून आणली आणि थांबताच दोन्ही चाकांच्या मधोमध असलेल्या हबपाशी तळवा नेला, तर एक कोमट आणि दुसरा जवळ हात नेववत नाही इतका तापलेला लागतो. मग मधल्या स्टँडवर घेऊन ते चाक हाताने फिरवले की ते दोन फेऱ्यांऐवजी अर्ध्या फेऱ्यातच अडते आणि आतून बारीक घासल्याचा आवाज येतो. ॲव्हरेजमधले आठ किलोमीटर कुठे गेले याचे उत्तर तेथे तळव्याला मिळते. गेलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने त्या लोखंडात आहे, आणि हे अनुमान न राहता जवळजवळ प्रत्यक्ष होते.

क्लचच्या बाबतीतही असेच. चढावर ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, आणि जळक्या चकत्यांचा वास येतो. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

अलीकडच्या गाड्यांनी मात्र या विचारात एक नवा अनुमानकर्ता आणून बसवला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, त्यानंतर दुचाकींतही कार्बोरेटर मागे पडून इंजेक्टर आला आणि किती पेट्रोल सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवू लागला. हा संगणक पेट्रोल पाहत नाही आणि ज्योतही पाहत नाही. धुराच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते सांगतो, आणि त्यावरून संगणक अनुमान करतो की ऑक्सिजन उरला आहे त्या अर्थी पेट्रोल कमी पडले, म्हणून ते वाढवावे. हे शुद्ध शेषवत् अनुमान होय, आणि त्याच्या चुकाही शास्त्रात वर्णिलेल्याच आहेत. सेन्सरच्या अलीकडे नळीच्या जोडाला बारीक फट पडली तर वायूच्या झटक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणक मिश्रण पातळ झाल्याचे समजतो आणि निरोगी इंजिनाला पेट्रोल पाजत राहतो. एखादी ठिणगी चुकली आणि न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे आला तरी तेच घडते. डोंगरावरच्या धुक्याला धूर समजून अग्नीचे अनुमान करणाऱ्याची जी फजिती तर्कग्रंथांत सांगितली जाते, तीच येथे दर सेकंदाला अनेकदा होत असते, आणि गंमत अशी की या यंत्राला आपल्या चुकीचा परिणाम दुरुस्ती वाटतो. स्कॅनर जोडल्यावर 'फ्यूएल ट्रिम' नावाचा जो आकडा दिसतो, तो म्हणजे मूळ हिशेबात संगणकाने किती टक्के भर घातली किंवा कपात केली याची नोंद. ती सतत अधिक चिन्हाची आणि मोठी दिसली तर संगणक कशावर तरी विश्वास ठेवून जास्त पेट्रोल सोडतो आहे एवढे कळते, पण तो विश्वास खरा की खोटा हे स्कॅनर सांगत नाही.

शब्दप्रमाणाचा, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाचा, प्रसंगही याच यंत्रात आहे. इंजिन किती तापले हे संगणकाला तापमानाचा सेन्सर सांगतो, आणि नैयायिक ज्याला आप्त म्हणतात, म्हणजे जो जसे आहे तसे जाणून तसेच सांगतो, त्याचे स्थान या सेन्सरला दिलेले असते. तो बिघडून इंजिन थंड असल्याचे सांगत राहिला तर संगणक भर उन्हात, तापलेल्या इंजिनाला, पहाटेचे पेट्रोल पुरवतो. मोटारींत कधी उलटही होते: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचे पाणी अडवून ठेवणारी झडप, उघडीच अडकून बसते, इंजिन खरोखरच थंड राहते, सेन्सर खरेच सांगतो, संगणक योग्यच वागतो, आणि ॲव्हरेज तरीही जाते. पहिल्या प्रसंगी साक्षीदार खोटा आहे, दुसऱ्यात साक्षीदार खरा असून वस्तुस्थितीच वाईट आहे, आणि दोन्ही प्रसंगी दिसणारा आकडा एकच असल्यामुळे घाईने सेन्सर बदलणारा माणूस निम्म्या वेळा सत्य सांगणाऱ्यालाच कामावरून काढतो.

कारण नसलेल्या गोष्टी कारणाच्या रांगेत कशा शिरतात याचेही विवेचन न्यायशास्त्राने नीट केले आहे. विश्वनाथ पंचाननाच्या भाषापरिच्छेदात 'अन्यथासिद्ध', म्हणजे कार्याच्या आधी उपस्थित असूनही कारण नसलेल्या गोष्टी, सांगताना कुंभाराच्या गाढवाचे उदाहरण येते. मडके होण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव तेथे होते खरे, पण मातीशिवाय मडके होत नाही तसे गाढवाशिवाय होत नाही असे म्हणता येत नाही. ॲव्हरेजच्या चर्चेत अशी गाढवे पुष्कळ उभी असतात: नवा पंप, नवे ऑइल, नुकतेच झालेले सर्व्हिसिंग, शेजाऱ्याने एकदा चालवायला नेलेली गाडी. सर्व्हिसिंग जूनमध्ये झाले आणि जुलैत ॲव्हरेज पडले, तर मधल्या काळात पाऊस सुरू झाला, रस्त्यात खड्डे पडले, वेग मंदावला आणि गिअर खाली आले हे सर्व विसरून दोष सर्व्हिसिंगवर जातो. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला गाठ पडावी त्या काकतालीय न्यायाचे हे घरगुती उदाहरण. 'गाडी जुनी आहे म्हणून ॲव्हरेज कमी' या विधानात असलेला दोष त्याहून सूक्ष्म आहे. त्यात 'उपाधी' लपलेली असते; अग्नी असेल तेथे धूर असतो असे म्हणणाऱ्याला ओल्या इंधनाची जी अट दिसत नाही, तशीच न सांगितलेली अट म्हणजे उपाधी, आणि येथे ती म्हणजे हेळसांड. जुनी पण निगा राखलेली गाडी उत्तम ॲव्हरेज देते आणि नवी पण हयगय झालेली देत नाही, एवढ्याने वयाचा हेतू निकालात निघतो. पंपावरच्या मापाविषयी शंका असेल तर ती अनुमानाने चघळत बसण्याचे कारणच नाही, कारण प्रत्येक पंपावर ५ लिटरांचे मुद्रांकित माप ठेवलेले असते, ग्राहकाला ते भरून दाखवण्याची मागणी करता येते, आणि त्यात २५ मिलीलिटरांपेक्षा अधिक फरक चालत नाही. प्रत्यक्ष हाताशी असताना अनुमानाकडे धावणे हा आळसाचाच एक प्रकार आहे.

निदान हा शब्दच मराठीने आयुर्वेदाकडून घेतला, आणि चरकसंहितेतील पद्धती गॅरेजच्या पद्धतीशी अधिक जुळते हे मान्य करावे लागते. रोग जाणण्याची जी पाच साधने तेथे सांगितली आहेत, म्हणजे निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, त्यांपैकी उपशय म्हणजे एखादे औषध, आहार वा विहार देऊन पाहणे आणि बरे वाटते की नाही यावरून रोग ओळखणे. ज्या रोगाची लक्षणे लपलेली असतात तो उपशयाने आणि अनुपशयाने ओळखावा असे चरकाने सांगितले आहे. फिल्टर बदलून बघू, असे फिटर म्हणतो तेव्हा तो उपशयच करीत असतो. पण उपशयाचा उपयोग एका वेळी एकच गोष्ट बदलली तर होतो. फिल्टर, प्लग, ऑइल आणि ब्रेकचे शू एकाच दिवशी बदलून ॲव्हरेज परत आले तर गाडी बरी होते, ज्ञान मात्र काहीच होत नाही, कारण अन्वय, म्हणजे हे असता ते असणे, मिळतो, आणि व्यतिरेक, म्हणजे हे नसता ते नसणे, चारही बाबतींत हातचा जातो. मालकाला ज्ञान नको असते, गाडी हवी असते, तेव्हा गॅरेजला याबद्दल फार बोल लावता येणार नाही. चरकाचा आणखी एक बारकावा मनोरंजक आहे: रोग्याची परीक्षा वैद्याने सर्व इंद्रियांनी करावी, जिभेने मात्र करू नये, चव ही अनुमानाने जाणावी, अंगाकडे माश्या धावत असतील तर शरीरात गोडवा आहे आणि उवा अंग सोडून जात असतील तर चव बिघडली आहे असे समजावे. फिटरही कान, डोळे, नाक आणि तळवा वापरतो आणि पेट्रोल चाखत नाही. भेसळीचा संशय आलाच तर तो फिल्टर पेपरवर थेंब सोडून डाग उरतो का ते पाहतो.

त्याच ग्रंथात परीक्षेचे आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याबरोबर 'युक्ती' हे चौथे साधन मानले आहे, आणि ते बहुतेक दर्शनांनी स्वतंत्र मानलेले नाही. पाणी, नांगरणी, बी आणि ऋतू यांच्या संयोगाने पीक येते, त्यांपैकी एकाला कारण म्हणून वेगळे काढता येत नाही, आणि असे अनेक कारणांच्या जुळणीतून उपजणारे कार्य जी बुद्धी पाहते ती युक्ती, असे चरकाचे म्हणणे आहे. एकच अपराधी शोधण्याच्या न्यायालयी वृत्तीला हे साधन अवघड जाते, पण इथेनॉलच्या सध्याच्या वादात त्याच्यावाचून गत्यंतर नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० हे इंधन फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि पुढे देशभर रूढ झाले; महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध नुसता ग्राहकाचा नाही, उसाचा रस आणि मळी यांपासून इथेनॉल काढणारे साखर कारखाने येथे मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे कोल्हापूरकडचा शेतकरी आपल्याच उसाचा काही अंश टाकीत भरून घेतो आणि मग ॲव्हरेजची तक्रार करतो असेही घडते. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे काही घट होणे अटळ आहे. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या आराखड्यात, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या वाहनांत ई-२० मुळे चारचाकींत ६ ते ७ टक्के आणि दुचाकींत ३ ते ४ टक्के घट होईल असे म्हटले होते. पन्नास किलोमीटरच्या मोटारसायकलीला हा हिशेब लावला तर तो दीड ते दोन किलोमीटर होतो. आठ किलोमीटरांची घट इथेनॉलच्या माथी मारणारा आणि इथेनॉलने काहीच होत नाही असे सांगणारा, हे दोघेही पीक बियानेच आले की पावसानेच आले याचा वाद घालीत असतात.

चार्वाकांचा आक्षेप शेवटी उरतोच, की कितीही प्लग पाहिले तरी काजळी आणि जास्तीचे पेट्रोल यांची व्याप्ती, म्हणजे अपवादरहित साहचर्य, सर्व काळ आणि सर्व गाड्यांत कोणी पाहिलेले नाही. उदयनाचार्यांनी यावर दिलेले उत्तर असे की शंकेला मर्यादा आहे आणि ती मर्यादा म्हणजे व्याघात, शंका घेणाऱ्याच्याच आचरणाशी येणारा विरोध. अग्नीने धूर होतो याची शंका घेणारा धूर हवा असला की अग्नीच पेटवतो. श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात हा युक्तिवाद उदयनाचार्यांवरच उलटवला, की विरोध आहे असे म्हणायलाही आधी शंका असावी लागते, आणि तर्काच्या दृष्टीने त्याची बाजू सहज दुर्लक्षिता येण्यासारखी नाही. तरीही संशयवाद्यालाही टाकी भरताना पेट्रोलच भरावे लागते, आणि ब्रेकचा शू बदलल्यावर तळव्याला लागणारा हब थंड असतो, चाक दोन फेरे फिरते, तीन टाक्यांच्या हिशेबाने ॲव्हरेज ४२ वरून ४८ वर येते. उरलेले दोन किलोमीटर इथेनॉलचे असू शकतात, पावसाळ्यातल्या रस्त्याचे असू शकतात, टाकी भरण्यातल्या फरकाचे असू शकतात, किंवा पूर्वीचे ५० हे झिजलेल्या टायरने वाढवून सांगितलेले असू शकतात. त्यांच्यामुळे हब तापत नाही, प्लग काळा पडत नाही, पार्किंगमध्ये वास येत नाही, म्हणजे तेथे फेस नाही, वाहून आलेली पाने नाहीत, लाकडे नाहीत, नदी तेवढी किंचित फुगलेली आहे.